अर्ज मागे घे

"अर्ज मागे घे," असं मला सांगितलं गेलं तेव्हा माझ्या हातात दुसऱ्यांची खरकटी ताटं होती.

मेधाकाकूंचं घर. सिडनीच्या हिल्स भागातलं, दोन मजली, मागे पॅटिओ, पॅटिओवर हीटर. शनिवारची दुपार होती. जेवणं झाली होती आणि आमच्या रविवारच्या मराठी शाळेची कमिटी खुर्च्यांवर मागे रेलून बसली होती. मी टेबलाच्या टोकाला. त्या शाळेत मी दोन वर्षं शिकवत होते, पण या घरातून बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. कशासाठी ते मला माहीत होतं. तरी मी टूनगॅबी उपनगरातल्या दुकानातून पेढे घेऊन गेले. चांगला कुर्ता घालून गेले.

मेधाकाकू उठल्या, चार ताटं एकावर एक ठेवली आणि माझ्या हातात दिली.

"अगं, तू हॉस्पिटलच्या किचनमध्येच असतेस ना. तुझे हात भरभर चालतात."

कोणी हसलं नाही. हसले असते तर चेष्टा होती असं म्हणता आलं असतं. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. माझ्या वयाच्या त्यांच्या दोन मुली सोफ्यावर फोन बघत होत्या. मी उठले. ताटं घेतली. वर म्हणाले, "नो वरीज, काकू." हे मला अजून आठवतं, ताटांपेक्षा जास्त.

सिंकपाशी त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. तुमचं मूळ गाव कुठलं, असं विचारलं. मी म्हणाले, अंबरनाथ. ते नव्हे गं, त्याआधीचं. तुझ्या आडनावावरून काही कळत नाही.

त्यांना गाव नको होतं. जात हवी होती. कळू नये म्हणूनच पप्पांनी शाळेच्या दाखल्यावर माझं आडनाव बदललं होतं. आजोबांचं आडनाव काढून टाकून एक 'कर' लावला. त्या आडनावाआड मी वीस वर्षं बसले आहे. मी परत म्हणाले, अंबरनाथ. आणि नळ मोठा सोडला.

मग त्या म्हणाल्या, अर्ज मागे घे.

अर्ज कसला, ते सांगते.

आमची शाळा टूनगॅबीतल्या एका सरकारी शाळेच्या वर्गांत भरते. रविवारी सकाळी दोन तास, भाड्याच्या चार खोल्यांत. सरकार अशा भाषेच्या शाळांना पटावरच्या मुलांप्रमाणे पैसे देतं, थोडी फी असते. कमिटी दरवर्षी निवडली जाते. निवडली जाते म्हणजे मेधाकाकूंच्या पॅटिओवर ठरते आणि वार्षिक सभेत टाळ्या वाजतात. बिनविरोध. शाळा निघाल्यापासून बिनविरोध. याचा त्यांना फार अभिमान आहे. इथल्या बाकीच्या मंडळांत भांडणं होतात, आपल्यात नाही, असं दरवर्षी माइकवरून सांगतात.

माझा वर्ग सगळ्यात खालचा. ज्यांना मराठी जवळजवळ येत नाही ती मुलं. कुणाची आई फिजीची, कुणाचे वडील बस चालवतात, कुणाचे आईवडील दोघं शिफ्टला. घरात बोलायला वेळच कुणाला. ही मुलं स्नेहसंमेलनाच्या नाटकात नसतात. फार तर झाड होतात.

मी स्वतः इंग्रजी माध्यमातली. मराठी वाचते, पण सावकाश. इथे न्यूट्रिशनमध्ये मास्टर्स केलं आणि नोकरी मिळाली ती वेस्टमीड हॉस्पिटलात, पेशंटांचे जेवणाचे ट्रे लावायची. रविवारी त्या मुलांबरोबर बसून मीही शिकत होते. आठवड्यातले ते दोन तास माझे होते.

गेल्या वर्षी खोल्यांचं भाडं वाढलं आणि सरकारचे पैसे होते तेवढेच राहिले. स्नेहसंमेलनाच्या हॉलच्या खर्चाला हात लावायचा नाही असं ठरलं, साउंड सिस्टिमच्याही नाही. एक खोली सोडायचं ठरलं. माझ्या वर्गाची. मुलं लहान आहेत, बाहेर खेळत शिकतील, असं मला व्हॉट्सॲपवर कळवलं. खाली फुलाचं चित्र.

बाहेर म्हणजे टॉयलेटशेजारचा व्हरांडा. दप्तरं अडकवायचे हुक, पाणी प्यायचे नळ, खाली काँक्रीट. जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा. वारा सरळ आत येतो. मी घरून दोन चादरी नेल्या. मुलं जॅकेटच्या बाह्यांत हात ओढून बसली.

वाईट वाटलं, पण मी गप्प राहिले असते. मी गप्प राहणारीच आहे. दुसऱ्या रविवारी चौथ्या खोलीचं दार उघडं दिसलं. भाडं वाचवायला सोडली होती ना ती खोली? सोडलेली नव्हती. आत नाटकाचे मुकुट, पडदे, स्पीकर, खोके. टेबलावर कमिटीचा चहाचा थर्मास.

त्याच दिवशी ईशाने मला विचारलं. सात वर्षांची आहे. तिची आई शीतलताई नर्स आहे. ईशा बराच वेळ आतल्या वर्गांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मिस, आर वी इन ट्रबल?"

इथल्या शाळेत वर्गाबाहेर बसवतात ते शिक्षा म्हणून. सगळ्या मुलांना हे ठाऊक असतं. माझी नऊ मुलं दोन रविवार तिथे बसून आपण काय चुकलो ते शोधत होती.

मी नाही म्हणाले. तिला ते खरं वाटलं नाही.

घरी जाताना मला एक जुनी गोष्ट आठवली. मी दुसरीत होते. शाळा इंग्रजी, कॉलनीतल्या साहेबांच्या मुलांची. पप्पा कारखान्यात मशीनवर, तरी हट्टाने मला तिथे घातलेलं. एक दिवस तपासणीला पाहुणे येणार होते. टीचरने आम्हा सहा जणांना उठवलं आणि मैदानावर पाठवलं. ड्रिल करा म्हणाल्या. आम्ही मजेत खेळलो. घरी जाऊन मी आनंदाने सांगितलं, आज आम्हाला खेळायला सोडलं. कोण कोण होतं, पप्पांनी विचारलं. मी सहा नावं सांगितली, सहाही कामगारांची मुलं. पप्पा जेवता जेवता थांबले. सकाळी त्यांनी माझे कॅनव्हासचे बूट पांढरे करून दारात ठेवले होते. पुढे रोज करत राहिले.

बुटांचा प्रश्न नव्हता. ते पप्पांना माहीत होतं. मला ते सव्विसाव्या वर्षी कळलं, टूनगॅबी स्टेशनच्या जिन्यात.

त्या आठवड्यात मी अर्ज भरला. शाळा समन्वयक या पदासाठी. कुठला वर्ग कुठे बसेल ते समन्वयक ठरवतो. तिथे दरवर्षी मेधाकाकू असतात. सूचक म्हणून शीतलताईंनी सही केली, अनुमोदक म्हणून बस चालवणाऱ्या एका वडिलांनी. मी निवडून येईन असं मला एकदाही वाटलं नव्हतं. फक्त टाळ्या वाजू द्यायच्या नव्हत्या.

म्हणून ते जेवण. म्हणून ती ताटं.

सिंकपाशी मी ताटं घासत राहिले तेव्हा काकूंनी मला परत पॅटिओवर नेलं. तिथे डॉक्टर होते. कमिटीचे अध्यक्ष, आमच्याच हॉस्पिटलमध्ये मोठ्या जागेवर. ट्रॉली घेऊन मी किती वेळा त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये उभी राहिले आहे. त्यांनी कधी ओळखलं नाही. हेअरनेट घातलेल्या माणसाला तोंड नसतं. त्या दिवशी मात्र त्यांना माझ्याबद्दल बरंच माहीत होतं.

"हे बघ, आपल्यात निवडणूक कशाला? घरच्या गोष्टी घरात ठरवाव्यात," ते म्हणाले. आवाज मऊ. मग माझी पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, अजून व्हायची आहे ना, असं विचारलं. अशा काळात कुठल्या वादात नाव नसलेलं बरं, काळजी वाटते म्हणून सांगतो. आणि तुला काम करायची एवढी हौस आहे तर स्नेहसंमेलनाची फूड कमिटी तुझ्याकडे. संपूर्ण. कुणी मधे येणार नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढं मोठं मन.

मराठी शाळेतल्या अर्जाचा आणि व्हिसाचा काही संबंध नसतो. हे मला माहीत होतं. तरी मी घाबरले. त्यांना हेही माहीत होतं.

मी "बघते" म्हणाले. निघताना काकूंनी उरलेला मसालेभात डब्यात भरून दिला. मी थँक यू म्हणाले. खोलीवर आल्यावर तो फेकून द्यायचा होता. फेकला नाही. भूक लागली होती, खाल्ला. चांगला झाला होता. त्याचाच जास्त राग आला.

पप्पांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, मागे घे बेटा, परक्या देशात कशाला. मला हेच उत्तर अपेक्षित होतं. मग त्यांनी विचारलं, "त्या पोरांना बसायला काय असतं?"

"काँक्रीट. मी चादर घालते."

चादर जाड आहे का, असं पप्पांनी विचारलं. मग म्हणाले, "तुला योग्य वाटतं ते कर." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मान खाली घाल असं सांगितलं नाही.

वार्षिक सभा रविवारी शाळेनंतर, शाळेच्याच हॉलमध्ये. त्याआधी शीतलताईंना दोन फोन गेले होते. मुलीला पुढच्या वर्षी नाटकात घ्यायचंय, तुम्ही कशाला यात पडता, असं गोड बोलून. नाइट शिफ्ट करून त्या सरळ सभेला आल्या, युनिफॉर्मवर स्वेटर घालून. म्हणाल्या, "मी सही खोडलेली नाही. तू खोडू नकोस."

डॉक्टरांनी एकेक नाव वाचलं. टाळ्या. नाव. टाळ्या. मग म्हणाले, समन्वयक पदाला यंदा दोन अर्ज आले होते, पण आपल्या या तरुण मैत्रिणीने मोठ्या मनाने—

मी उभी राहिले. समोरची खुर्ची धरली. घाबरले की माझं मराठी जातं. इंग्रजीच बाहेर आलं. आय हॅव नॉट विथड्रॉन.

कुणीतरी मागून म्हणालं, मराठीत बोला, मराठी शाळा आहे. हशा झाला. मी थांबले. हशा संपू दिला. मग म्हणाले, "मी अर्ज मागे घेतलेला नाही. मतदान घ्या."

बरं, हात वर करा मग, डॉक्टर म्हणाले. आणि सगळ्यांकडे चष्म्यावरून बघू लागले. कोणाचा हात कुठे जातो ते बघायला.

तिथे माझं इंग्रजी माध्यम कामाला आलं. असोसिएशनची नियमावली इंग्रजीत आहे, बारीक टाइपात. ती त्या हॉलमध्ये कुणी वाचली नसावी. मी दोनदा वाचली होती. एकाही सभासदाने मागणी केली तर मतदान चिठ्ठीने घ्यावं लागतं. मी ते कलम वाचून दाखवलं. मग मराठीत सांगितलं. हॉलमध्ये गोंधळ झाला. चिठ्ठ्यांसाठी कागद नव्हते. लागलेच नव्हते कधी. मुलांच्या शुद्धलेखनाच्या वहीची पानं फाडली.

मी हरले. सात मतांनी.

सातच मतांनी. मेधाकाकू जिंकल्या होत्या, पण टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. त्या हॉलभर एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या. कोण, कोण, कोण. चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसतं.

मी त्यांचा डबा पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवला. कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये, चिमूटभर साखर तरी घालावी, असं आई करते. मी घासून, पुसून, रिकामा दिला.

पुढच्या रविवारी मी अर्धा तास लवकर गेले. चौथी खोली उघडली. स्पीकर, मुकुट, पडद्यांचे खोके एकेक करून व्हरांड्यात नेले, हुकांखाली ओळीने लावले, वर माझ्या चादरी घातल्या. ट्रे उचलून माझे हात खरंच भरभर चालतात. मुलं आत बसली. डॉक्टर दारात आले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

"वर्ग," मी म्हणाले. आणि फळ्याकडे वळले. पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग पावलं लांब गेली.

ईशा खिडकीतून खोक्यांकडे बघत होती. "सो नाऊ द बॉक्सेस आर इन ट्रबल?"

मराठीत विचार, मी म्हणाले. तिने विचारलं. चुकत, अडखळत, पण पूर्ण वाक्य.

त्यानंतर मला दोन लेखी पत्रं आली आहेत. मला काढतील, असं शीतलताई म्हणतात. काढू देत. सभासदत्व काढायला सभा बोलवावी लागते, आणि सभेत चिठ्ठ्या मागता येतात. खोली मी सोडलेली नाही.

या वर्षीचा अर्ज काल भरला. पद तेच. आडनावाच्या रकान्यात, मेंबरशिपवरच्या 'कर' आडनावाच्या आधी, आजोबांचं आडनाव लिहिलं. मोठ्या अक्षरांत, डॉक्टरांना माइकवर वाचता येईल असं. ते वाचल्यावर हॉलमध्ये कोण कसं बघेल ते मला माहीत आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, मागे वळून सगळ्यांकडे बघता येईल अशी. अर्ज मागे घेणार नाही.