प्याल्याची कड

सगळे तिला सिस्टर म्हणत, पण ती मठातली सिस्टर नव्हे. सरकारी इस्पितळात जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात जन्म घालवलेली. नोकरी संपली तरी नाव चिकटून राहिलं, आणि स्वभावही. हात मिळवण्याआधी ती समोरच्याची नखं बघायची. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा ती येताना दिसली की आलेली शिंक आतल्या आत जिरवायचे.

तेव्हा प्रभुभोजनाचा प्याला लोकांच्या ओठांना लावायचं काम तिच्याकडे आलं यात नवल ते काय. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा देत पुढे जायचे, मागून सिस्टर द्राक्षारसाचा प्याला घेऊन. सगळ्यांना मिळून एकच प्याला. एकाने घोट घेतला की पांढऱ्या रुमालाने कड पुसायची, प्याला जरासा फिरवायचा आणि पुढच्या माणसाला द्यायचा. उरलेला रस ओतून टाकायचा नसतो, म्हणून शेवटी तो सिस्टरनेच प्यायचा. प्याल्याच्या एका बाजूला बारीकसा क्रूस कोरला होता. त्याच्या वरची बोटभर कड ती कुणाच्याच ओठांखाली येऊ देत नसे. तेवढी तिने स्वतःसाठी कोरडी राखली होती. हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग तिचा धाकटा भाऊ परत आला. दारू पिऊन बायकोला मारण्यात त्याने संसाराची माती केली होती. बायको शेवटी घर सोडून गेली आणि शिवणकामावर पोट भरू लागली. आता दारू सुटली होती म्हणे. लाकडाच्या वखारीत कामाला लागला होता, आणि दर रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसायचा. त्याला पाहिलं की सिस्टरची मान लाजेने खाली जायची. त्याने घोट घेतला की ती कड एकदा पुसायची, रुमालाची घडी बदलायची आणि पुन्हा पुसायची. हा मान बाकी कुणाला नव्हता. जंतू, जंतू, असं ती मनाशी म्हणायची. जंतूंवर ढकललेलं बरं असतं, ते काही उलट बोलत नाहीत.

एका रविवारी पाळकसाहेबांनी गव्हाच्या शेताची गोष्ट सांगितली. वैऱ्याने गव्हात निदण पेरलं. निदण म्हणजे दिसायला गव्हासारखंच, पण तण. चाकर ते उपटायला निघाले तर मालक म्हणाला, मुळं एकमेकांत गुंतलीत, गहूही उपटून येईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. सिस्टरने मान डोलावली आणि हळूच शेवटच्या बाकाकडे पाहून घेतलं. थांबायचं तर थांबू, पण निदण कोणतं ते माहीत असायला काय हरकत आहे, असं तिला वाटलं.

त्यानंतर भाऊ रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहू लागला, म्हणजे त्याच्यामागून कुणाला प्यायला नको. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. याला तर शब्दही लागला नाही, रुमाल पुरला. निदान स्वतःची जागा तरी ओळखतो, असं म्हणून सिस्टर समाधान पावली.

घर सोडून गेलेली भावजयही याच चर्चमध्ये यायची. एरवी पहिल्या बाकावरून उठून ती सगळ्यांत आधी प्याला घ्यायची. एका रविवारी मात्र ती उठलीच नाही. सगळे जाऊन आले तेव्हा उठली आणि नवऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली. भावाने खाली मान घालून घोट घेतला आणि बाजूला झाला. सिस्टरने कड पुसायला रुमाल उचलला, तशी भावजयीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"ताई, राहू द्या. मला तसाच द्या."

सिस्टर पुटपुटली, की हे बरं नव्हे, तब्येतीच्या दृष्टीने.

"मी त्यांना घरात घेतलेलं नाही, घेणारही नाही. पण हा प्याला माझ्या घरचा नाही, आणि तुमच्याही घरचा नाही." मग ती आणखी हळू बोलली. "माझा फुटलेला ओठ पण तुम्ही असाच छान पुसला होता, ताई. आणि मग मला परत त्याच घरी पाठवलं होतं."

ती प्याली आणि जागेवर जाऊन बसली.

सिस्टरला इस्पितळातली ती खोली जशीच्या तशी आठवली. जखम तिने इतक्या हळुवार हाताने धुतली होती की भावजयीने हूं की चूं केलं नाही. ती माया खोटी नव्हती. आणि त्याच हाताने टाका घालता घालता ती म्हणाली होती, आपलेच दात, आपलेच ओठ, बाहेर बोलू नकोस. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा न्हाणीघरात पाय घसरला असं तिनेच सांगितलं होतं. माहेरचं नाव धुतल्या तांदळासारखं राहायला हवं होतं. भाऊ पुढे कितीतरी वर्षं मारत राहिला, पण भावजय ओठ पुसून घ्यायला पुन्हा तिच्याकडे आली नाही. सिस्टर मात्र तो टाका आजवर आपल्या चांगल्या कामांत धरत आली होती. आता त्यातलं चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं ते तिला वेगळं करता येईना.

भावाची लाज वाटण्यात तिने इतकी वर्षं घालवली होती की स्वतःची लाज वाटायला सवडच झाली नव्हती. ती आता वाटली, भर मंडळीत, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

पाळकसाहेब तिच्याकडे बघत थांबले होते. प्याल्यात घोटभर रस उरला होता. क्रूसावरची तिची बोटभर कड नेहमीसारखी कोरडी होती. ती बाजू तिने पलीकडे फिरवली आणि जिथे भाऊ आणि भावजय प्याली होती तिथे ओठ लावून रस संपवला.

मग तिने रुमाल घेतला. आपले ओठ लागलेली कड एकदा पुसली, घडी बदलली आणि पुन्हा पुसली.