मागील पानावरून, एक

मी आयुष्यभर पुस्तकांच्या नोंदी केल्या. ज्याला नंबर नाही, त्याला कपाटात जागा नाही — असा माझा खाक्या. आमच्या गावच्या, हिंडलग्याच्या शिवेवरच्या चिंचेखाली लोक लिंबू ठेवायचे, तेव्हा मी ते उचलून घरी सरबत केलेला माणूस आहे. आईने पाठीत धपाटा घातला होता, पण सरबत झकास झालं होतं. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून ‘म्हातारा भाबडा दिसतोय’ असं कुणी म्हणू नये. भाबडा मी कधीच नव्हतो. खोटारडा मात्र एकदा झालो... आणि हा अनुभव त्या खोट्याचाच आहे.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. बेळगावच्या कॅम्पात एक छोटं मिशनचं कॉलेज होतं, तिथल्या लायब्ररीत मी असिस्टंट होतो. वय बावीस. चर्चच्या मागे काळ्या दगडाची लांबट इमारत, वर कौलं, आत एकच हॉल. एका टोकाला लाकडी पडदा लावून वेगळी केलेली छोटी खोली. पूर्वेला एक मोठी खिडकी, गज असलेली. आणि आत-बाहेर करायला दार एकच — स्प्रिंगचं, जाळीचं. ते उघडलं की कुंई करायचं आणि मिटताना खाडकन आपटायचं. त्या दाराशेजारीच माझं टेबल. म्हणजे माझ्या नजरेतून सुटून मांजरसुद्धा आत जाणं अवघड.

दर बुधवारी दुपारी लायब्ररी गावासाठी खुली असायची. कॉलेज चालवणाऱ्या गोऱ्या पाद्रीसाहेबांचीच ती कल्पना. तीन वाजता पाच मिनिटं प्रार्थना, मग पेपरचं मोठ्याने वाचन, सोल्जरांच्या बायकांची पत्रं वाचून दाखवणं, लिहून देणं — हे माझं काम. पडद्यामागच्या खोलीत बायकांचा अक्षरवर्ग. कॅम्पातली निम्मी घरं पलटणीत गेलेली, त्यामुळे बुधवारी गर्दी व्हायची. कुणी पेपर ऐकायला यायचं, कुणी पत्र आलं नाही म्हणून नुसतंच बसायला.

आता रजिस्टरचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशीच घडलं.

पाद्रीसाहेबांनी रजिस्टरला दोन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात ‘येण्याची सही’, दुसऱ्यात ‘जाण्याची सही’. पहिल्यात सगळ्यांनी सही केली. दुसऱ्याशी आले की माणसं अडायची. “जाण्याची सही? आनि ती बी लढाईच्या दिवसांत? न्हाय बा,” म्हणत एक म्हातारी पेन टाकून सरळ निघून गेली. आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणायची पद्धत आहे का? मी ते शीर्षक खोडून रकाना कोरा ठेवला. मग लोक आपणहून तिथे ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहून शेजारी सही करू लागले; लिहिता न येणाऱ्यांचा शब्द मी लिहायचो, ते अंगठा उठवायचे. पाद्रीसाहेब पुस्तकातून मराठी शिकलेले. महिनाभराने रजिस्टर चाळून त्यांनी मला विचारलं, “बाबूराव, हे सर्व लोक येत आहेत, नंतर पुन्हा येत आहेत. मग जाते कोण?” आम्ही खूप हसलो होतो तेव्हा.

आमचे ग्रंथपाल दानियल मास्तर. कडक ख्रिस्ती माणूस, खोटं एवढंसंही चालायचं नाही. त्यांचा नियम असा — पाच वाजता दोन्ही रकाने जुळले पाहिजेत. कुणाची दुसरी सही नसेल तर तो माणूस आत आहे असं धरायचं, आणि कपाटांमागे शोधल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. तरी नाहीच सापडला, तर ती ओळ पुढच्या पानावर उतरवायची — ‘मागील पानावरून, एक’. दुसऱ्या दिवशी तो माणूस ओशाळून यायचा आणि सही करायचा. आठवड्याच्या वर अशी ओळ कधी पुढे गेली नव्हती.

माझी थोरली बहीण — आम्ही तिला आक्काच म्हणायचो — निपाणीजवळच्या कोगनोळीला दिलेली. दाजी आधी निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते, मग पलटणीत भरती झाले. खाकी घातली तरी त्यांच्या अंगाचा तंबाखूच्या पानाचा वास काही गेला नाही. ओढायचे नाहीत, खायचे नाहीत, पण माणूस येण्याआधी वास यायचा. ते पलटणीत गेले आणि आक्का हिंडलग्याला आमच्याकडे राहायला आली. बुधवारी माझ्याबरोबर चालत कॅम्पात यायची, अक्षरवर्गात बसायची.

दाजी बोटीवर जाण्याआधी रजेवर आले, तेव्हा शेवटच्या दिवशी बुधवारच होता. “काय पावणं, आमची बी सही घ्या की,” म्हणत त्यांनी पहिल्या रकान्यात मोडीत झोकदार सही ठोकली. ते मोडीच लिहायचे, वखारीत शिकलेले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचला, पानाची उभी घडी घालून — ती त्यांची सवय. आक्का वर्गातून बाहेर आली, दोघं हळू आवाजात काही बोलली. तेवढ्यात रस्त्यावर मिल्ट्रीच्या ट्रकने हॉर्न दिला. दाजी टोपी उचलून धावतच गेले. दार आपटलं. आणि माझ्या लक्षात आलं, दुसरी सही राहिली.

“मी करून टाकतो,” मी पेन उचललं. आक्काने माझा हात धरला.

“नगं रं बाबू. ऱ्हाऊं दे मोकळं. त्यांचं त्यांनी येऊन करूं द्यात.”

“मास्तर ओरडतील गं.”

“ओरडूं द्यात. सही न्हाय म्हंजे माणूस आतच हाय, असंच हाय न्हवं तुमचं?”

मास्तर ओरडले नाहीत. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या पानावर पहिली ओळ मी बालबोधीत उतरवायचो — मागील पानावरून, एक. पुढे दाजींचं नाव. पुढे कोरं.

सुरुवातीला पत्रं यायची. मग पावसाळ्यानंतर ती थांबली. आणि त्यानंतर काही बुधवारांनी मास्तरांची मोजणी चुकायला लागली.

प्रार्थनेआधी मास्तर डोकी मोजायचे. “चौदा,” ते म्हणाले. रजिस्टरात त्या दिवशी तेरा सह्या. मी मोजलं, तेरा. त्यांनी पुन्हा मोजलं, चौदा. मी म्हटलं, मास्तर, चष्मा बदला. पुढच्या बुधवारी माझ्याकडे एकोणीस, त्यांच्याकडे वीस. तिसऱ्या बुधवारी ते मोजून माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी बोट नव्या पानाच्या पहिल्या ओळीवर ठेवलं. “ही ओळ धरली की जुळतंय, बाबूराव.” भर दुपार, खिडकीतून ऊन आलेलं, आणि माझ्या मानेवर काटा आला.

मग वास यायला लागला. फक्त बुधवारी, फक्त खिडकीजवळ. कॅम्पातल्या एका सुभेदारीणबाई तिथे बसायच्या, त्या एकदा उठून दुसरीकडे गेल्या. म्हणाल्या, “हितं कोन तरी बसल्यागत वाटतंय.” मी स्वतः सरळ ठेवलेला पेपर संध्याकाळी उभ्या घडीत सापडायचा. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मी भिऊन गेलो होतो, उगाच मोठेपणा सांगत नाही.

आक्का मात्र त्या खुर्चीशेजारी पाटी घेऊन बसायची. शांत. चेहऱ्यावर काळजीची रेघ नाही. मला तिचीच जास्त भीती वाटायची.

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. “ती ओळ खोड. आपण कुणाला तरी धरून ठेवलंय इथं. हे बरं नव्हे.”

“आक्काला काय सांगू?”

ओळ खोडली असती तर मी स्वतःच्या हाताने तिचं कुंकू पुसल्यासारखं झालं असतं. खोडली नाही.

मग सरकारी पत्र आलं. इंग्रजीत. दाजी बेपत्ता. जिवंत नाहीत, मेलेलेही नाहीत — बेपत्ता. मी वाचून दाखवलं. आक्काने कागद घडी करून कमरेला खोचला आणि विचारलं, “रजिस्टरात नाव हाय न्हवं अजून?”

“हाय.”

“मग झालं तर.”

त्यानंतरचा दुसरा बुधवार. चारचा सुमार. बाकीची मंडळी निघून गेली होती, सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. बायकांचा वर्ग पडद्यामागे चालू होता, ‘क-का-कि-की’चा गलका ऐकू येत होता. मास्तर आतल्या टोकाला कपाटाच्या शिडीवर. मी एका बाईसाठी तिच्या नवऱ्याला पत्र लिहीत होतो, ती समोर बसून सांगत होती. रजिस्टर माझ्या डाव्या कोपराशी उघडं. शेजारी दौत आणि टाक.

वास आला. नेहमीसारखा खिडकीजवळ नाही. आधी पडद्याच्या बाजूने, मग हॉलमधून, मग अगदी माझ्या कानाशी. पत्र सांगणारी बाई बोलता बोलता थांबली, पदर नाकाला लावला. माझी मान वर होईना. जाळीचं दार कुंई करून उघडलं... खाडकन आपटलं. बाहेर पायरीवर कुणी नव्हतं. वारा पण नव्हता.

मी रजिस्टरकडे बघितलं. पहिल्या ओळीत, कोऱ्या रकान्यात, मोडी होती. शाई ओली. दाजींचीच झोकदार सही, आणि शेजारी एकच शब्द.

‘जातो’.

मी टीपकागद दाबला. समोरच्या बाईला वाचता येत नव्हतं. मास्तरांना मोडी येत नव्हती. त्या अख्ख्या लायब्ररीत तो शब्द वाचू शकणारा मी एकटा होतो. आणि पडद्याआडून आक्का माझ्याकडेच येत होती.

तिने पान बघितलं. तिला तोवर बालबोध जेमतेम जुळवून वाचता यायची. मोडी नाही.

“त्यांची सही हाय ही,” ती म्हणाली. “काय लिवलंय रं बाबू?”

तिच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू होतं. मी म्हणालो, “येतो.”

“व्हय?”

“व्हय. येतो लिवलंय.”

तिने टाक उचलला. मग म्हणाली, “बरं.” आणि ‘येते’ लिहून, सही करून बाहेर पडली.

संध्याकाळी दोन्ही रकाने जुळले, त्यानंतर मास्तरांची मोजणी कधी चुकलीही नाही. वास गेला, घड्या थांबल्या. मास्तरांना मात्र वाटलं, मीच मोडीत काहीतरी खरडून ओळ मिटवली. “खोटं लिहिलंस, पण चांगल्यासाठी लिहिलंस,” असं म्हणाले. मी शपथ घेतली, तरी त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. मलाही वाटतं कधीकधी, तसंच मानता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या हातात पत्राचं पेन होतं, निळ्या शाईचं. रजिस्टरातली शाई काळी होती.

लढाई संपली. माणसं परत आली, काही आली नाहीत. दाजींचा शोध लागला नाही. तारीख जुळली, त्याच बुधवारी गोळी लागली — असं सांगता आलं असतं तर गोष्ट कशी नामी झाली असती! पण तारीख आम्हाला कुणीच दिली नाही. आणि आक्का दर बुधवारी येत राहिली. दर बुधवारी माझं खोटं माझ्यासमोर येऊन बसायचं, पाटीवर अक्षरं गिरवायचं. बोलावं वाटायचं. पण मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवायचो.

सत्तेचाळीस साली कोगनोळीहून निरोप आला. तिची सासू अंथरुणाला खिळली होती आणि ‘ल्योक येणार हाय’ म्हणत दाराला कडी लावू देत नव्हती. आक्काने बोचकं बांधलं. मोटारीला जाण्याआधी लायब्ररीत आली. बुधवार नव्हता, हॉलमध्ये आम्ही दोघंच. तिने रजिस्टर ओढलं, पहिल्या रकान्यात सही केली आणि दुसऱ्यात स्वच्छ बालबोधीत लिहिलं — ‘जाते’.

“आक्का, हे काय लिहिलंस?”

“त्यांनी लिवलंतं त्येच.”

“त्यांनी येतो...”

“बाबू,” ती हसली. “त्या दिशी आधी ते पडद्यामागं आलते. माज्या कानाशी म्हनालं, ‘जातो गं’. मग तुझ्याकडं गेलं. मी फकस्त तू काय सांगतोस ते बघाय आलते.”

तो शब्द मी कुणालाही सांगितला नव्हता. आईला नाही, मास्तरांना नाही. मी एवढंच विचारलं, “मग इतकी वर्षं गप का बसलीस?”

“तू ‘येतो’ म्हनलास म्हनून मला कुंकू लावाय मिळालं रं. तेवढं घेतलं मी.” तिने पदराने डोळे नाही, कपाळ पुसलं. तिथे, माझ्यासमोर. मग म्हणाली, “आता सासूला सांगाय पायजे. तिला कोन खोटं सांगाय न्हाई, आन् खरं बी न्हाई.”

दार कुंई करून आपटलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, लहान पोरासारखा.

काळी शाई कुणाची, दार कुणी उघडलं, मास्तर कुणाचं डोकं मोजत होते — मला माहीत नाही. वय झालं तरी अजून उमगलेलं नाही, आणि उमगावं अशी आता इच्छाही राहिलेली नाही. रजिस्टरही पुढे कुठे गेलं कोण जाणे. आक्का कोगनोळीला खूप वर्षं जगली. सणासुदीला हिंडलग्याला यायची, आठ दिवस राहायची, पोरांचे लाड करायची. पण निघताना उंबऱ्यात ‘येते’ तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. माझ्याकडे बघून फक्त मान हलवायची.