मामीच्या कोबीच्या गुंडाळ्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या मामीचे. माझे आई-वडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. घराण्यात तोवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि मीही पाहीन असं कुणाला वाटत नव्हतं. मी चौथीत असताना त्यांनी मलाही बरोबर न्यायचं ठरवलं होतं. तेव्हा मामी आमच्या दारात उभी राहून आईला म्हणाली, “पोराला फडावर न्यायचं न्हाई. माझ्याकडं राहू द्या. चार भाकरी थापते तिथं पाच थापीन.” त्या वर्षीपासून दर हंगामाला मी देवळाली प्रवऱ्याला मामाकडं राहून शाळा शिकलो. पुढे पदवी मिळाली आणि नगरला एमआयडीसीत नोकरी लागली. आता केडगावात दोन खोल्यांत राहतो.

मामाच्या रानात उसाच्या कडेनं थोडा कोबी असायचा. पाणी जास्त झालं की कोबीचे गड्डे तडकतात. असे गड्डे बाजारात चालत नाहीत, ते घरी यायचे आणि मग रोज कोबीची भाजी. मला ती अजिबात आवडत नसे. पण दुसऱ्याच्या घरी राहणारं पोर नाही म्हणत नाही. मी प्रत्येक घासाबरोबर पाणी पिऊन ती गिळायचो. मामीनं ते पाहिलं असावं. एक दिवस शाळेतून आलो, तर ताटात भाजीच्या जागी करंगळीएवढ्या लांबीच्या, जाडजूड हिरवट गुंडाळ्या होत्या. आत तांदळाची कणी, शेंगदाण्याचा जाडसर कूट, लसूण, हिरवी मिरची आणि भोवती टोमॅटोचा पातळ रस्सा. मी पाणी न पिता जेवलो. तेव्हापासून आमच्या घरात त्यांना नाव पडलं ‘भाच्याच्या गुंडाळ्या’.

मामीचा स्वयंपाकातला एक नियम होता. चुलीवरचं काही ती चाखून बघत नसे. देवाचा नैवेद्य आणि गाईचा घास निघायच्या आत जिभेला काही लावायचं नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. मीठ कमी-जास्त झालंय का, हे ती वाफेच्या वासावरून ओळखायची. पातेल्यावर वाकायची, नाकानं एकदा ओढायची आणि म्हणायची, “हं, आता झालं.” ते कधी चुकलेलं मला आठवत नाही.

म्हणूनच गेल्या वर्षीच्या तापानं तिचं मोठं नुकसान केलं. ताप उतरला, पण नाकाचा वास आणि तोंडाची चव दोन्ही गेली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, कधी येईल सांगता येत नाही, पण जेवण सोडू नका. मामीनं जेवण सोडलं आणि स्वयंपाकही सोडला. चहात बिस्किट बुडवून दिवस काढायची. खिचडी मामाच शिजवायचा. तपासणीसाठी दोघं केडगावला माझ्याकडे आले, तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. मला भीती वाटली. मामी आता चुलीपुढे परत कधी बसणारच नाही, असं वाटू लागलं.

रविवारी मी बाजारातून चांगला मोठा कोबी आणला. गड्ड्याचा दांडा कोरून तो उकळत्या पाण्यात ठेवला. पान सुटेल तसं एकेक काढून घेतलं. इथवर मला आठवत होतं. सारणही कालवलं. मग पान पोळपाटावर पसरून त्यावर लाटणं फिरवलं, अळूच्या पानाची शीर दाबतात तसं. पान टचकन फाटलं. दुसरं घेतलं, सारण भरलं आणि जेवढी घट्ट वळता येईल तेवढी घट्ट गुंडाळी वळली.

मामी आतल्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. दारातून तिला सगळं दिसत होतं.

“अळूवडी करतुय व्हय रं?”

“नाही मामी, गुंडाळ्या.”

“मग असा गळा कशाला आवळतुय तिचा? आतली कणी कच्ची हाय, ती फुगल का न्हाई? मग जाईल कुठं?”

“फुटंल,” मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. “फुटली तर रस्साभात म्हनून खाऊ.”

“तुमाला काय, पुढ्यात पडलं की झालं.” मामी पलंगावरून उतरली. “आन शीर लाटायची नसती बाबा, तासायची असती. सरक तिकडं. साहेब झाला, पन हाताला वळन न्हाई.”

“म्हणून तर तुला बोलावलं.”

“कवा बोलावलं? मीच उठले.”

ती भिंतीला धरत आली आणि ओट्याखाली फरशीवर परात पुढ्यात ओढून बसली. माझी घट्ट गुंडाळी सोडून सारण परत परातीत टाकलं. नव्या पानाच्या मागची जाड शीर सुरीनं अलगद तासली. सारण मधोमध ठेवलं, दोन्ही कडा आत मुडपल्या आणि पान सैलसर वळलं. बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळाला हातपाय हलवता यावेत, एवढी जागा आत राहिली. तिचे हात जराही अडखळत नव्हते. मामानं पेपर घडी करून बाजूला ठेवला.

मग तिला मिठाची आठवण झाली. तिनं उरलेलं सारण चमच्यानं हलवलं आणि सवयीनं परात नाकाजवळ नेली. ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं. परात खाली ठेवली.

“मीठ घातलंस का?”

“घातलं. पण अंदाज नाही मला.”

“मला बी न्हाई आता.” ती हात पुसायला लागली. “जाऊ दे. माझ्या हातचं कुनी खाऊ नये. आळनी निघल, न्हाई तर खारट. चार मानसांत हसं व्हईल.”

ती उठायला लागली. मी तिच्या समोरच बसकण मारली. “मामी, मी चाखून सांगतो.”

“उष्टं व्हईल सगळं.”

“मग देवाचं आधी काढ. त्याची एक गुंडाळी वेगळी बांध. बाकीचं आपण चाखू.”

ती थांबली. पुन्हा खाली टेकली.

“देवाला आळनी खाऊ घालती काय?” मामानं विचारलं.

“देवाला तुमच्यावानी कुरकुर करायची सवय न्हाई,” मामी म्हणाली आणि तिनं एक पान पुढ्यात घेतलं. देवाची गुंडाळी वळून तिला कोथिंबिरीच्या काडीनं बांधलं. मग चिमूटभर सारण माझ्या तळहातावर ठेवलं. मी चाखलं. कच्ची कणी दाताखाली कचकचली.

“कमी आहे.”

“तुमी बघा,” ती मामाला म्हणाली.

“बराबर हाय की!”

“ह्यांचं खरं न्हाई. ह्यांना तहान लागली की पानी बी ग्वाड लागतं.” तिनं माझं ऐकून मीठ घातलं. पुन्हा चिमूटभर दिलं. मी हसून मान हलवली. तीही हसली, खूप दिवसांनी.

गुंडाळ्या पातेल्यात शेजारीशेजारी रचल्या, रस्सा ओतला, वर ताटली दाबून ठेवली. एकही फुटली नाही. देवापुढे नैवेद्य ठेवल्यावर आम्ही तिघं एकत्र बसलो. मामीनं एक गुंडाळी मोडून तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“चव न्हाई,” ती म्हणाली. “पन गरम लागतंय. आन दानं दाताखाली येत्यात.” तिनं ती संपवली आणि दुसरी घेतली.

दोघं परत गेल्यावर मामाचा फोन आला. मामी चुलीपुढे बसायला लागली होती आणि चाखायचं काम त्याच्यावर आलं होतं. मामीशी फोनवर बोलायला गेलो की ती लगेच म्हशीचा विषय काढते, स्वतःचं कौतुक ऐकून घेत नाही. तिला सावकाश वाचता येतं. म्हणून मी तिला हे पत्र लिहिलं.

तीर्थस्वरूप मामीस,

साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. तू जेवतेस असं मामा म्हणाला, ते ऐकून फार बरं वाटलं. किती जेवतेस ते त्यानं सांगितलं नाही, म्हणून विचारतो.

तुझा वास परत येईल का, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. आला तर चांगलंच. नाही आला तरी तू चूल सोडू नकोस. तुझ्या हाताला सगळं येतं, एक मीठ तेवढं मामाला विचारायचं. तो चुकला तर आम्ही वरून मीठ घेऊ. तुझ्या हातचं आळणी खाल्लं म्हणून कुणी हसणार नाही.

तू मला ठेवून घेतलंस म्हणून मी शिकलो. हे तुझ्यासमोर बोललो असतो, तर तू उठून गेली असतीस. म्हणून लिहिलं.

पुढच्या तपासणीला मी स्वतः न्यायला येईन. त्या सकाळी उपाशी निघू नकोस. चहा-बिस्किट नाही, भाकरी खाऊन नीघ.

तुझा भाचा