धानाच्या घरातली मिरची

ती मिरची वाचली, म्हणून आज हे हसत सांगता येतं. नाही तर मी आणि माझ्या सासूबाई जन्मभर एकाच स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाठ करून बसलो असतो. दोघीही हट्टी, आणि त्यातली मी जास्त तापट.

माझं माहेर अड्याळचं. घरामागच्या वाडीत आईची मिरची असायची. बुटकी, जाड सालीची, वाळल्यावर गर्द लाल. ते बी तिनं स्वतःच्या आईकडून आणलं होतं आणि दरसाल त्याच मिरचीतून पुढचं बी धरत आली होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न झालं ते वरठीजवळच्या एका गावात, पक्क्या धानवाल्यांच्या घरी. तांदळाचा दाणा हातात घेऊन तो कोणत्या बांधीतला, कोणत्या खाचरातला ते सांगतील, पण मिरची म्हणजे बाजारातून आणायची वस्तू. या लोकांना मिरचीतलं काही कळत नाही, हे माझं मत आठवड्याभरातच पक्कं झालं आणि ते मी लपवलंही नाही.

पुढच्या वर्षी आईच्या मिरचीवर चुरडा-मुरडा आला. पानं आखडली, फूल धरेना, सगळी झाडं उपटून टाकावी लागली. उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तिनं आधीच्या सालचं उरलंसुरलं बी एका कापडात बांधून माझ्या हातात दिलं.

"एवढंच राह्यलं पाय. या वाडीले आता एक साल आराम देतो. तू तुह्याकडं लाव, अन् पिकलं का मले बी आणून दे."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. परसात विहिरीजवळ उंच वाफा केला, शेणखत चाळून घातलं, बी राखेत घोळवून पेरलं आणि वर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, पातळ थर अंथरला. रोज सकाळी ओंजळीनं पाणी शिंपडायचं. मिरचीचं बी उगवायला वेळ घेतं आणि तोवर त्याला नुसती ओल पुरते. हे सगळं मला ठाऊक होतं, पण सांगायचं मात्र मी कोणालाच सांगितलं नाही.

मध्येच मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला भंडाऱ्याला जावं लागलं. दोन दिवस राहून परत आले आणि परसात पाहते तो माझ्या वाफ्याभोवती मातीचा बांध, आत पाणी भरलेलं आणि तणस वर तरंगतंय. सासूबाईंनी लावणीच्या रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकतात तसा मिरचीचा वाफा बुडवून ठेवला होता. स्वतः विहिरीतून बादल्या ओढून! त्यांच्या तळहाताला फोड आले होते.

"पार सुकून गेल्तं तुहं पऱ्हं," त्या कौतुकानं म्हणाल्या. "म्हटलं, पोरगी येईपर्यंत आपण पाणी लावून देवाव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या फोडांकडे पाहून तोंडातून शब्द काढला नाही, पण त्या दिवशी भांडी अशी आपटली की त्यांना सगळं समजलं. वाफा कुजला, काळा पडला, वास मारू लागला. एकही कोंब आला नाही. सासूबाईंनी परसात जाणंच सोडलं. मी मात्र मनात आईला द्यायचं उत्तर घोळवत होते, आणि दरवेळी त्या उत्तरात दोष सासूबाईंचाच निघत होता. तरी आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला की रडू यायचं. तिचं बी माझ्या हाती संपलं होतं.

पाऊस बरा लागल्यावर एके दिवशी सासूबाई कितीतरी दिवसांनी परसाच्या कुंपणाकडे धोप्याची, म्हणजे अळूची, पानं कापायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "वो पोरी! इकडं ये! हे मिरची होय का? मले तं काही समजत नाही."

धावत गेले. चुलीतली राख टाकतो त्या ढिगाच्या कडेला इवली इवली रोपं गर्दी करून उभी होती. पान चुरगाळून वास घेतला. मिरचीच! वाफा भरून वाहिला तेव्हा वर आलेलं बी बांधाच्या फटीतून पाण्याबरोबर निघालं होतं आणि पाणी जिथं राखेत जिरलं तिथं अडकलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच चिखलात बसले आणि हसता हसता रडले. सासूबाई बाजूला विळा धरून उभ्या. "मंग होय ना? मिरचीच होय ना?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

पुढे ती रोपं आम्ही दोघींनी मिळून लावली. त्यांनी इतकी धास्ती घेतली होती की पाण्याचा लोटा हातात घेऊन आधी माझ्याकडे पाहायच्या. "आता देऊ का उद्या?"

मिरची लाल झाली, वाळली, बी काढताना दोघींची बोटं जळजळली. अड्याळला निघाले तर सासूबाई लुगडं बदलून दारात उभ्या. पुडी त्यांनी स्वतःच्या पदराला बांधली होती.

आईनं गाठ सोडली, बी तळहातावर पसरलं आणि मला विचारलं, "नीट उगवलं होतं ना वो?"

मी तोंड उघडण्याआधी सासूबाईच बोलल्या. "इनबाई, मी बुडवलं होतं. धानावानी पाणी भरलं. तुमच्या पोरीनं मले एक शब्द नाही म्हटलं."

आई आधी माझ्याकडे पाहत राहिली, बहुतेक तिला खरं वाटेना. मग इतकी हसली की डोळे पुसावे लागले. तिनं बियाचे दोन वाटे केले आणि एक परत सासूबाईंच्या पदरात बांधला.

"हे तुमच्याकडं राहू द्या. एका वाडीचं काही खरं नाही. पाणी मात्र पोरीले इचारून देजा."

परतीच्या एसटीत सासूबाईंनी त्या गाठीवरचा हात भंडारा येईपर्यंत काढला नाही. उतरताना मी त्यांचा दुसरा हात धरला. फोडांच्या जागी आता घट्टे पडले होते.