हिरामण मिस्त्री ब्रेकचं काम घेत नाय

दहिवलीत हिरामण मिस्त्रीचं गॅरेज कुठं म्हणून इचारा, शेंबडं पोरगंपण दाखवील. पण ब्रेकचं काम घेऊन गेलात तर तो हात जोडणार. "ते सोडून काय पण सांगा." लोक म्हणतात, मिस्त्रीच्या चुकीनं एक बाई जायबंदी झाली, तवापासून त्यानं धसका घेतलाय. लोकांचं काय जातंय बोलायला! बाई जायबंदी झाली ती माझ्यापायी. मी साईनाथ, कर्जत-कशेळे लायनीवर जीप मारतो. आज सगळं सांगतो, मंग माझ्या तोंडावर थुंकायचं तर थुंका.

माणूस कसा, ते आधी ऐका. पन्नाशीचा, किडकिडीत, बोलणं कमी. ह्या धंद्यात मिस्त्री लोक चूक कदी कबूल करत नायत. गाडी बिघडली तर पार्ट डुप्लिकेट, नायतर डायवर गाढव. हिरामणचं उलटं. गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं तरी हा पाठीमागनं पळत जाणार, "थांबा, थांबा, एक नट नीट आवळला नाय वाटतं मी." आमी हसायचो. तो म्हणायचा, "आपली चूक आपणच सांगावी. दुसऱ्यानं सांगितली की लय लाज वाटते."

माझ्या जीपला मागं ड्रम ब्रेक. पावसाळ्यात कशेळ्याच्या पुढं वाड्यांचे रस्ते म्हंजे नुसता राडा. चिखलपाणी ड्रममधी शिरायचं, नि ब्रेक दाबला तरी गाडी आपली चालली पुढं. भरलेली जीप, टपावर दोघं-तिघं, नि माझा पाय पार तळाला. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात हिरामण म्हणाला, "मागं पण डिस्क बसवू. डिस्क उघडी असते, पाणी झटकून टाकते."

नवं सामान ह्या जीपला कोण देणार? गेलो खोपोलीच्या भंगारात. घाटात ठोकलेल्या गाड्या तिथं एकावर एक रचलेल्या. हिरामण दोन दिवस डिस्कांची भोकं मोजत बसला. शेवटी एका चेपलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या डिस्का नि त्यांना चिमटा घेणारे कॅलिपर काढले. जाड लोखंडी पाटी कापून त्यानं ब्रॅकेट बनवले, सगळं बसवलं, तर पेडल मऊ! दाबावं नि ते खालीच जावं. अर्धा दिवस त्यानं ब्रेकचं ऑइल भरून पायपातली हवा काढली, काय उपेग नाय. मंग कपाळावर हात मारला. डाव्याचा कॅलिपर उजव्याला बसवला होता त्यानं, त्यामुळं हवा काढायचं तोंड खाली आलं होतं. हवा राहणार वर, खालनं निघंल कशी? अदलाबदल केली नि पेडल दगडासारखं घट्ट. चहाच्या टपरीवर जाऊन स्वतःचा गाढवपणा त्यानंच दहा जणांना सांगितला.

चावी देताना मात्र आमी दोघंच होतो. त्यानं माझा हात धरला. "साईनाथ, नीट ऐक. हॅन्डब्रेक गेला. त्याची केबल ड्रमला होती, ह्या कॅलिपरला ती सोय नाय. सोयवाले मिळाले की बसवतो. तोवर चढाला गाडी लावलीस तर दोन्ही मागच्या चाकांना दगड. गिअरवर इसंबू नको, तुझं इंजिन म्हातारं हाय." मी हो म्हणालो. दोनदा म्हणालो.

पंधरा दिवसांनी कर्जतजवळच्या कोंडाणे गावात माझ्या मेव्हणीचा साखरपुडा होता. मी थोरला जावई. कडक इस्त्रीचे कपडे, डोळ्याला गॉगल, नि जीपच्या मागं नवीन रंगवून घेतलेलं, 'चारी चाकांना डिस्क'. सासऱ्याच्या घराकडं जाणारा रस्ता उताराचा. मांडवाजवळ गाडी लावली, सगळी सासुरवाडी बघत होती. मेव्हण्याचे दोस्त तर गाडीभवती गोळा. आता तुमीच सांगा, थोरल्या जावयानं गाडीतनं उतरून दगड हुडकत फिरायचं? चाकाखाली दगड म्हंजे खटारा, आमच्याकडं पोरंसोरं हसतात. मी गिअर टाकला नि रुबाबात उतरलो.

टिळा लागायच्या आधीच आरडाओरडा झाला. जीप सुटली होती. खाली नळावर सासूची चुलती, अंबूबाई, पाहुण्यांची भांडी घासत होती. पाठ होती तिची गाडीकडं. गाडीनं तिला नळाच्या कट्ट्याशी दाबलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

माणसं माझ्या अंगावर आली. "हॅन्डब्रेक लावला नाय का रं?" आणि माझं तोंड आपोआप बोललं, "मिस्त्रीनं भंगारातलं सामान घातलं. हॅन्डब्रेकच काढून टाकला नि मला बोललापण नाय!" झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. सगळ्यांचा राग माझ्यावरनं उठला नि दहिवलीला गेला. मला तवा काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासरची मंडळी गॅरेजवर गेली, मी त्यांच्याबरोबर. शिव्या घातल्या त्याला. हिरामण खाली मान घालून ऐकत होता. मंग त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाय हो, इचारल्यासारखं. "साईनाथ, दगड लावायचं मी तुला सांगितलं होतं ना रं? मला वाटतंय सांगितलं होतं."

मी म्हणालो, "नाय."

एक शब्द. तो म्हणाला, "मंग इसरलो असंन. चूक माझीच." माझ्यावर संशयपण घेतला नाय त्यानं! जो स्वतः खोटं बोलत नाय त्याला समोरचा बोलंल हे सुचतच नाय. तो अंबूबाईच्या पायावर डोकं ठेवून आला. ती बिचारी पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "जाऊ दे बाबा. माणूस इसरतं."

त्याला दीड वर्ष झालं. मी चुकवत होतो त्याला. गेल्या मंगळवारी इंजिन तापलं म्हणून नाइलाजानं त्याच्या दारात थांबलो. आत भिंतीवर सगळीकडं चिठ्ठ्या. 'टेंपोचं झाकण लावलं.' 'चार नट आवळले.' एक चिठ्ठी, 'दुपारी जेवलो.' मी म्हणालो, "हे काय वो मिस्त्री?"

तो हळूच म्हणाला, "भरवसा राहिला नाय रं डोक्याचा. तुला सांगितलं असं मला अजून स्पष्ट आठवतंय बघ. पण सांगितलंच नव्हतं ना? माझ्या बाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी आईलापण वळखत नव्हता. उद्या मुंबईला मोठ्या डॉक्टरला डोकं दाखवायचंय. सकाळी मला नि बायकोला स्टेशनावर सोडशील?"

देवाशप्पथ, त्या घडीला कुणी माझी जीभ कापून नेली असती तर मी हात जोडले असते. "मिस्त्री," मी म्हणालो, "तुमी सांगितलं होतं. हात धरून सांगितलं होतं. मी खोटं बोललो."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाय. "काय सांगितलं होतं? शब्द सांग." मी सांगितले. दोन्ही मागची चाकं, दगड, म्हातारं इंजिन. तो ओरडला, "उज्वला! ये, भाईर ये! माझं डोकं जाग्यावर हाय गं!" रडत होता नि हसत होता. मला म्हणाला, "बरं झालं रं बाबा सांगितलंस." मला! अरं, कानफडात तरी मारायची होतीस.

"आता अंबूबाईला सांगून ये," तो म्हणाला. "तिनं मला माफ केलं ते वाया गेलं."

उज्वलावहिनी दाराला धरून उभ्या होत्या. त्या हसल्या नायत. "भावजी," त्या म्हणाल्या, "दीड वर्ष हा माणूस रोज मला इचारतोय, उज्वला, मी जेवलो का गं? नि तुमी रोज ह्याच दारावरनं हॉर्न मारत जात होतात."

जात होतो. दिवसातनं सहा येळा.