भाऊजींनी कॉलेज उलटं करून पाहिलं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, कुठेही गेले तरी आधी खुर्ची उलटी करतात आणि मगच तिच्यावर बसतात. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हाही हेच. वडील म्हणाले, "बसा," आणि या गृहस्थांनी खुर्ची उचलून तिचे चारही पाय छताकडे केले. "मागचा डावा सांधा गेलाय," म्हणाले, "हिच्यावर एवढं झुलतं कोण?" झुलणारा मी होतो. वडिलांनी तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. ताईला मात्र हसू आवरेना, आणि लग्न तिथेच ठरलं असं माझं मत आहे. ताईला ते मान्य नाही. पण मी पाणीपुरवठा खात्यात कारकून झाल्यापासून माझं कुठलंच मत तिला मान्य नसतं.

भाऊजींचा धंदा बाकं दुरुस्त करायचा. घराखालीच गाळा आहे. आत रंधा, पटाश्या, सरसाचा डबा आणि भिंतीला टेकवून ठेवलेली कुठल्या ना कुठल्या शाळेची लंगडी बाकं. शहरातली एकही शाळा अशी नसेल जिथल्या बाकांना त्यांचा हात लागलेला नाही. बाकावरून ते वर्ग ओळखतात. पोरं कुठे पेंगतात, कुठल्या सरांचा धाक आहे, कुठल्या रांगेतून मैदान दिसतं, सगळं त्यांना लाकडावरून कळतं. निदान ते तसं सांगतात, आणि सांगतात म्हणजे सांगतच राहतात. माणूस अगदी सोन्यासारखा, फक्त तोंड मिटत नाही. रंधा मारताना बोलतात, जेवताना बोलतात, दात घासतानासुद्धा त्यांचं काहीतरी चालू असतं आणि समोरच्याने ते समजून घ्यायचं असतं.

स्वतः ते नववीपर्यंत शिकले, तेही सगळं शेवटच्या बाकावर. "मागं बसलं की कोणी काही विचारत नाही," हे ते अजूनही अभिमानाने सांगतात, जणू ती एखादी पदवीच आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे आमची ठमी. लहानपणी जिथे बसवावं तिथेच बसून राहायची म्हणून हे नाव मी ठेवलं. आता अठराव्या वर्षातही ते तिला शोभतं. मार्कांना तोटा नाही, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा, 'वर्गात बोलत नाही.' ताईला त्याची काळजी वाटायची. मला वाटायचं, पोरीने बोलावं तरी कधी? घरातल्या बोलण्याचा सगळा कोटा बाप सकाळी दहाच्या आत संपवतो.

बारावीचा निकाल लागला आणि मोठ्या कॉलेजात संगणक शाखेला तिची जागा जवळजवळ पक्की झाली. सगळे खुशीत होते. तोच एका सकाळी भाऊजींनी चहाची बशी उचलली, तर खाली एक माहितीपत्रक. ठमी काही सांगायचं असलं की ते असं कशाच्या तरी खाली ठेवते आणि आंघोळीला निघून जाते.

"लिबरल आर्ट्स," भाऊजींनी मोठ्याने वाचलं. "आर्ट्स म्हणजे चित्रकला का?"

"आणि लिबरल म्हणजे हजेरी घेत नसतील," मी म्हणालो. रविवारचा चहा मी ताईकडेच पितो.

ताईने पत्रक हिसकावून घेतलं आणि चष्मा लावून नीट वाचलं. शहराच्या टोकाला एक लहानसं कॉलेज होतं. पहिली दोन वर्षं सगळ्यांनी सगळं शिकायचं, म्हणजे गणित, नाटक, भूगर्भशास्त्र, तत्त्वज्ञान. पुढे हवं ते निवडायचं. एका वर्गात जास्तीत जास्त बारा मुलं.

"हे शिकून होणार काय?" ताई म्हणाली. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. वीस वर्षांत तिची एक नळी इकडची तिकडे झालेली नाही. "हातात एक नक्की काम असलं की माणूस आपल्या पायावर उभा राहतो. इथे चार वर्षांनी ही बाहेर पडेल आणि लोक विचारतील, तुम्ही कोण? काय सांगणार ही? मी थोडी भूगर्भ, थोडी नाटक?"

भाऊजींची काळजी वेगळीच होती. "बारा जणांच्या वर्गात शेवटचं बाक आणायचं कुठून? हिला कोणी काही विचारलं तर ही जागच्या जागी विरघळून जाईल. त्यापेक्षा मोठं कॉलेज बरं. तिथला हॉल मीच केलाय, एकशे चाळीस जणांची बाकं जमिनीला बोल्टने जखडलीत. अकरा वर्षांत एक तक्रार नाही! मागं बसेल, पास होईल, नोकरीला लागेल. कोणी त्रास देणार नाही."

मायेपोटीच बोलत होते ते. आपल्याला जे सुखाचं वाटलं तेच माणूस लेकराला देऊ पाहतो. ठमीला विचारलं, तर ती टॉवेलने केस पुसत म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." हे उत्तर ती पाचवीपासून देत आली आहे.

दोन्हीकडच्या अर्जांची शेवटची तारीख शनिवार होती. मी म्हटलं, निदान जाऊन बघा तरी. हे माझं एकमेव मत जे ताईने आजवर मान्य केलंय. गुरुवारी मी रजा टाकली आणि आम्ही चौघं बसने निघालो.

कॉलेज जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत होतं. उंच खिडक्या, लांबलचक व्हरांडा, भिंतीवर जुन्या तारांच्या खुणा. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "बसा ना," आणि मी डोळे मिटून घेतले. व्हायचं तेच झालं. भाऊजींनी पहिली खुर्ची उलटी केली, मग दुसरी, मग तिसरी. ताई त्यांच्या शर्टाची बाही ओढत होती.

"सगळ्यांचे सांधे ढिले," ते मला कानात म्हणाले, पण त्यांचं कानातलं बोलणं व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जातं. "नापास." मग बाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही यांना जमिनीला जखडून का घेत नाही? वीस वर्षं बघायला नको."

"आमच्याकडे तासातासाला खुर्च्या हलतात हो," बाई म्हणाल्या. "कधी गोल करतात, कधी समोरासमोर, कधी सगळेच खिडकीकडे तोंड करून बसतात."

"मग लाकूड टिकणार कसं?"

"नाहीच टिकत," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि आम्हाला एका चालू तासाला बसायला घेऊन गेल्या.

वर्गात अकरा मुलं गोल करून बसली होती. त्यांनी सरकून आमच्या चार खुर्च्यांना जागा केली. भाऊजींची नजर शेवटची रांग शोधत होती. गोलाला शेवट नसतो ही गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही पडत नव्हती. मी हळूच खुर्ची वीतभर मागे घेतली, तर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मामा, पुढे या." मी मामा आहे हे यांना कोणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. ठमी माझ्या शेजारी हात मांडीखाली दाबून बसली होती.

एका कुरळ्या केसांच्या मुलाने पणजोबांचा फोटो आणला होता. पणजोबा शिंपी होते, दुकानाच्या दारात उभे. मूळ फोटोवर मधोमध शाईचा मोठा डाग. मुलाने संगणकावर तो डाग काढून फोटो नव्यासारखा केला होता. दोन्ही फोटो हातोहात फिरत होते आणि प्रश्न असा होता, की यातला खरा फोटो कुठला? कोणी म्हणे साफ केलेला, कारण पणजोबांच्या छातीवर काही डाग नव्हता. एक मुलगी म्हणाली, डाग पाडणारंही कोणीतरी घरचंच असेल, त्याला का पुसायचं? मॅडम कोणालाच बरोबर म्हणत नव्हत्या की चूक म्हणत नव्हत्या.

भाऊजींना राहवेना. "मी बोलू का?" ताईने कपाळाला हात लावला.

"साफ केला हेच बरोबर," भाऊजी म्हणाले. "माझ्याकडे शाळांची बाकं येतात. पोरांनी नुसती चितारलेली असतात. कोरलेलं, लिहिलेलं, कर्कटकाने टोकरलेलं. मी रंधा मारतो, पॉलिश पेपर फिरवतो, एक अक्षर शिल्लक ठेवत नाही. मागच्या सुट्टीत आमच्या पोरीच्याच शाळेची साठ बाकं केली. वरून, खालून, सगळीकडून. मुख्याध्यापक म्हणाले, नवीन आणलीत की काय! दुरुस्ती याला म्हणतात."

मुलं कौतुकाने हसली. भाऊजी खूश झाले. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"माझंही गेलं त्यात."

कोण बोललं हे समजायला मला वेळ लागला. भाऊजींनाही लागला. "काय गेलं?"

"शेवटच्या बाकाला खालच्या बाजूने मी लिहायचे," ठमी म्हणाली. "पेन्सिलीने. दोन वर्षं. वर्गात विचारायचे राहिलेले प्रश्न."

भाऊजींचा चेहरा उतरला. "बारीक अक्षर होतं. होतं एक बाक तसं. मी उलटं केलं तेव्हा दिसलं होतं मला." मग म्हणाले, "पण वाचलं नाही गं. घाईत होतो."

जगातली प्रत्येक खुर्ची उलटी करून बघणारा माणूस, आणि नेमकं पोटच्या पोरीचं अक्षर न वाचता त्यावर रंधा फिरवून आला. मला इतकं वाईट वाटलं की खिडकीबाहेर बघावं लागलं.

मॅडमनी ना तिची समजूत घातली ना त्यांची. फक्त विचारलं, "आठवतात का प्रश्न?"

"सगळे," ठमी म्हणाली. आधी मांडीकडे बघत, मग हळूहळू मान वर करत तिने सांगायला सुरुवात केली. सरांना उत्तर माहीत असतं, तरी ते आम्हालाच का विचारतात? झोपेत डोळे बंद होतात पण कान उघडेच असतात, मग ऐकू का येत नाही? लढाईच्या दिवशी राजाला सर्दी झाली असेल, तर ते इतिहासात का लिहीत नाहीत? एखादी भाषा बोलणारं एकच माणूस उरलं, तर ते भांडण कोणाशी करतं? राजाच्या सर्दीवर दोन मुलांची तिथल्या तिथे जुंपली. झोपेतल्या कानांबद्दल मॅडम म्हणाल्या, "मला नक्की माहीत नाही, शोधू या," आणि फळ्यावर लिहून ठेवलं. शिक्षकांना माहीत नाही हे ऐकून भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि एक आईबद्दल होता," ठमी म्हणाली. "आई रोज शंभर जणांचं रक्त बघते. त्यातलं एक तरी माणूस तिला आठवतं का?"

सगळा गोल ताईकडे वळला. ताईला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि तिच्याकडे चहा पिऊन पिऊन मी म्हातारा होत आलोय.

"आठवतात," ताई म्हणाली. "सगळी नाही. एक लहान मुलगी यायची, दर महिन्याला. रिपोर्टवर आधी तिचं नाव शोधायचे मी. आकडे बरे असले की त्या दिवशी घरी येताना केक आणायचे. तुम्हाला वाटायचं पगार झाला." ठमीने आपली खुर्ची खरवडत तिच्याजवळ नेली. भाऊजींना तो आवाज ऐकवत नाही, लाकडाचं वाटोळं होतं म्हणतात. त्या दिवशी त्यांनी तो मुकाट्याने ऐकून घेतला.

बस येईपर्यंत भाऊजी गप्प होते. मी त्यांना ओळखतो त्या पंचवीस वर्षांत हे पहिल्यांदाच. शेवटी म्हणाले, "मला सांगायचं नाही का गं, ठमे?"

"तुम्ही बोलत होतात, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही. वेळ विचारल्यावर सांगावी तशी.

"चुकलंच माझं," भाऊजी म्हणाले.

"बाकं मात्र छान झाली होती," ठमी म्हणाली. मग दोघं एकाच सीटवर बसली, आणि घरी पोहोचेपर्यंत त्या भाषेतल्या एकट्या माणसावरून त्यांचा वाद चालला होता. भाऊजींचं म्हणणं, तो स्वतःशीच भांडत असणार. ठमीला ते मुळीच पटलं नाही, आणि तिने तसं तोंडावर सांगितलं.

शुक्रवारी ताई म्हणाली, "हे शिकून ही होणार काय, ते मला अजूनही कळलेलं नाही. पण काही न बोलता संगणकासमोर बसून राहिली तर काय होईल, ते कळतंय." मोठ्या कॉलेजचा अर्ज तिने स्वतःच्या हाताने घडी करून कपाटात ठेवला.

शनिवारी सकाळी लहान कॉलेजचा अर्ज भरायला आम्ही टेबलाभोवती बसलो. शेवटचा रकाना होता, पालकांनी हे कॉलेज का निवडले? तीन ओळी मोकळ्या होत्या. सरकारी भाषा माझ्या हातची, म्हणून मी सांगू लागलो, "पाल्याच्या सर्वांगीण विकासास पोषक वातावरण..."

"गप रे," ताई म्हणाली.

भाऊजींनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर म्हणजे पटाशीने कोरल्यासारखं. बराच वेळ लावून त्यांनी एकच ओळ लिहिली, 'आमची मुलगी इथे बोलली.' ताईने पेन त्यांच्याकडून घेतलं आणि खाली लिहिलं, 'आणि आम्ही ऐकलं.'

ठमीने दोघांच्या मधून वाकून वाचलं.

"सगळं कुठे?" ती म्हणाली. "अजून चोवीस प्रश्न राहिलेत."

भाऊजींनी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि म्हणाले, "विचार."