अनसाबाईची जोडी

चित्तापूरच्या बाजूला फरशीच्या खाणीत एकट्या बाईला काम मिळत नाही. तिथे जोडी लागते. नवऱ्याने छिन्नी मारून दगडाचा थर सोडवायचा, बायकोने ती फरशी डोक्यावर घेऊन खड्ड्यातून वर आणायची. जोडी मोडली की खड्डा गेला, राहायची खोलीही गेली. छिन्नीला बाईचा हात लागला तर खाण माणूस खाते, असं तिथले पुरुष सांगतात. फरशी वाहून बायांच्या माना कामातून जातात, त्याचं मात्र खाणीला काही वाटत नाही.

अनसाबाई मुडबीच्या धनगराची लेक. लग्न होऊन इथे आली आणि फरशी वाहू लागली. पुढे नवऱ्याच्या, सिद्धरामच्या, छातीत दगडाची धूळ बसली. डॉक्टर म्हणाले, खाण सोडा. सांगायला त्यांचं काय जातंय! अनसाबाईने गुपचूप छिन्नी हातात घेतली. सिद्धराम खड्ड्याच्या काठावर खोकत बसायचा, कान रस्त्याकडे. मुकादम वीरभद्रप्पाची मोटारसायकल वाजली की खाली उतरून छिन्नी धरायचा. हे सगळं मंगलसाठी. पोरगी हुमनाबादला वसतिगृहात राहून दहावी करत होती. तिने खाणीत पाऊल ठेवायचं नाही, एवढा एकच हट्ट अनसाबाईने आयुष्यात धरला.

दिवाळी झाली आणि सिद्धराम गेला. तिसऱ्याच दिवशी मुकादम दारात.

"अक्का, खोली मोकळी कर. जोडी न्हाई तर काम कसं द्यायचं?"

"खड्डा मीच चालवायलेय अण्णा, लई दिवसांपासनं."

जीव टांगणीला लागलेलं माणूस खरं बोलून जातं. ती नुसती बोलली नाही, मुकादमाला आणि दाराशी जमलेल्या वस्तीला खड्ड्यावर नेऊन एक थर सोडवून दाखवला. फरशी अखंड निघाली.

"म्हणूनच गेला सिद्धराम," मुकादम म्हणाला. "तूच खाल्लीस त्याला. आता छिन्नीला शिवलीस तर वस्तीतून हाकलीन. पोरीचं लगीन लाव. जावई छिन्नी मारील, पोरगी फरशी वाहील. खोली बी राहती."

त्या दिवशी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खड्ड्यातला कल्लप्पा आला. त्याची बायको नुकतीच त्याला सोडून गेली होती, जोडी नाही म्हणून त्याचाही खड्डा जायच्या बेतात होता. मान खाली घालून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"अक्का, माझ्या जोडीला ये. फरशी वाह, बास. मुकादमाला जोडी दिसली की झालं. लोकं बोलतेत, बोलू दे."

लोक बोललेच. नवऱ्याची राख निवली नाही तोवर दुसरा धरला, म्हणाले. अनसाबाईने ते गिळलं आणि मंगलला फोन केला, "काम मिळालं गं. तू अभ्यास कर." इतक्या दिवसांत कुणीतरी माणसासारखं वागलं, म्हणून तिला भरून आलं होतं.

सकाळी ती डोक्यावर चुंबळ ठेवून कल्लप्पाच्या खड्ड्यात उतरली. त्याने छिन्नीवर चार घाव घातले आणि भिंतीला टेकून खोकायला लागला. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. घरात रोज ऐकलेला.

"अण्णा, कामून बोलावलास मला?"

"तुला छिन्नी मारता येती म्हणून," तो खाली बघत म्हणाला. "मी तरी कुणाला सांगू?"

मग तो धापा टाकत वर चढला आणि काठावर बसला, कान रस्त्याकडे. अनसाबाईला तिथेच बसून मोठ्याने रडायचं होतं. पण मोटारसायकल यायच्या आत एक थर तरी सुटायला हवा होता. तिने चुंबळ काढून ठेवली आणि छिन्नी उचलली.